आजोबांच्या ट्रंकेतला मुंबई बंदराचा सागरी नकाशा – साल कसं ठरवायचं?

निळाई

नमस्कार मंडळी. पनवेलचं जुनं घर रिकामं करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी मेणकापडात गुंडाळलेली एक सुरळी होती. उलगडली तर मुंबई बंदराचा छापील नकाशा निघाला. साधारण तीन फूट बाय दोन फूट, कागद जाड, कडा चहासारख्या तपकिरी झालेल्या. आपल्याला सवय असते त्याच्या अगदी उलट हा नकाशा आहे. जमीन जवळजवळ कोरी, आणि पाणी आकड्यांनी गच्च भरलेलं. डोंगर केसासारख्या बारीक रेघांनी काढलेत. कुलाब्याचं निमुळतं टोक, त्याखाली प्रॉन्ग्जचा खडक, मध्ये घारापुरी, पलीकडे करंजा. वरच्या कोपऱ्यात समुद्रावरून डोंगर कसे दिसतात त्याची एक लांब पट्टी आहे. तिच्यात एका सुळक्याखाली 'फनेल हिल' असं लिहिलंय. हा कुठला डोंगर, कुणाला माहीत आहे का?

आजोबा पोर्टात सर्व्हेच्या लाँचवर खलाशी होते. आम्हा नातवंडांची उंची ते वावेत मोजायचे. दोन्ही हात पसरून म्हणायचे, "ही एक वाव. तू अजून पाऊण वाव आहेस." नकाशावर 'फॅदम' (म्हणजे वाव, सहा फूट) शब्द वाचला आणि त्यांचे ते पसरलेले हात आठवले.

नकाशा कधीचा हे शोधायचं आहे. तो टिकवायचाही आहे. आमच्या ओळखीतल्या एका दुकानदाराने पूर्वी एक फाटका कोपरा चिकटपट्टीने जोडून दिला होता. ती पट्टी आता पिवळी पडून कागदात उतरली आहे.

कप्तान_निवृत्त

निळाईताई, सगळ्यात आधी खालच्या समासाच्या मधोमध बघा. तिथे प्रकाशनाची ओळ असते: लंडनला अ‍ॅडमिरल्टीत (ब्रिटिश नौदलाच्या कचेरीत) अमुक तारखेला प्रसिद्ध, अमुक हायड्रोग्राफरच्या (नकाशा विभागाच्या प्रमुखाच्या) देखरेखीखाली. त्याखाली बहुतेक जे. डी. पॉटर या विक्रेत्याचं नाव असेल. हायड्रोग्राफर रिचर्ड्स असेल तर 1863 ते 1874, एव्हान्स असेल तर 1874 ते 1884.

पण एवढ्यावर थांबू नका. ती तारीख तांब्याचा पत्रा पहिल्यांदा कोरला तेव्हाची. तोच पत्रा पुढे वर्षानुवर्षं दुरुस्त करून वापरत. नवा खडक सापडला की त्या जागी पत्र्याला मागून ठोकून सपाट करायचं आणि पुन्हा कोरायचं. म्हणून डाव्या कोपऱ्यात 'स्मॉल करेक्शन्स'ची रांग बघा. महिना रोमन आकड्यात आणि पुढे साल. त्यातलं शेवटचं साल हे तुमच्या प्रतीच्या छपाईच्या सगळ्यात जवळचं.

निळाई

कप्तानसाहेब, नाव एव्हान्सचं आहे! दुरुस्त्यांची रांगही आहे, पण तिचा शेवट नेमका त्या चिकटपट्टीखाली गेलाय.

एक कोडं पडलंय. प्रॉन्ग्जवर दीपगृह छापलेलं आहे. ससून डॉक आहे. प्रिन्सेस डॉक नुसत्या तुटक रेघांनी दाखवलाय. मात्र संक रॉकपाशी दिवा छापलेला नाही, तो लाल शाईने हाताने काढलाय.

कप्तान_निवृत्त

मग तर काम सोपं झालं. प्रॉन्ग्जचं दीपगृह आणि ससून डॉक दोन्ही 1875 चे. प्रिन्सेस डॉकचा पाया 1875 मध्येच घातला आणि 1880 मध्ये तो सुरू झाला. तुटक रेघा म्हणजे बांधकाम चालू. तेव्हा छपाई या पाच वर्षांतली. संक रॉकचं दीपगृह 1884 चं. म्हणजे हा नकाशा छापल्यावर निदान चार वर्षं कुणीतरी वापरात ठेवला होता. नाविकांसाठीच्या सूचना आल्या की प्रत्येक नवा दिवा, नवी बोय (तरंगती खूण) हाताने नोंदवणं हे जहाजावरच्या सेकंड मेटचं, म्हणजे दुय्यम अधिकाऱ्याचं काम. मी स्वतः हे काम वर्षानुवर्षं जांभळ्या शाईने केलंय. तुमच्या नकाशावरची ती लाल खूण कुणा माणसाने डोलत्या टेबलावर बसून केलेली आहे, म्हणून मला ती छापील भागापेक्षा मोलाची वाटते.

1874 मध्येच कलकत्त्याला मरीन सर्व्हे डिपार्टमेंट स्थापन झालं. त्या आधीची बॉम्बे मरीन, मग इंडियन नेव्ही, ती 1863 ला मोडली, आणि मधली दहा-अकरा वर्षं किनाऱ्याच्या मोजणीचं काम रेंगाळलं. तुमचा कागद बरोबर या नव्या सुरुवातीच्या काळातला आहे.

कागदवेडी

चिकटपट्टीला हात लावू नका! ओढली तर कागदाचा वरचा थर, छपाईसकट, निघून येईल. ते काम कागद-संवर्धन करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. लॅमिनेशन तर मुळीच नको. त्या काळी असे नकाशे चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर छापत, तो आजच्या लाकडाच्या लगद्याच्या कागदापेक्षा कितीतरी टिकाऊ असतो. तुमच्या नकाशाला कागदापेक्षा आपल्या हवेचा धोका जास्त आहे. पावसाळ्यात लोखंडी कपाटात ठेवू नका. सपाट ठेवायला जागा नसेल तर रुंद नळीवर छपाई बाहेरच्या बाजूला ठेवून सैल गुंडाळा, वर धुतलेलं मलमल. फाटलं असेल तिथे गव्हाच्या खळीने जपानी कागद लावतात, फेव्हिकॉल कधीच नाही.

एक करून बघा. सकाळच्या तिरप्या उन्हात, काचेआडून, नकाशा मागून उजेड येईल असा धरा. कागदावर काय काय झालंय ते त्यात दिसतं.

सह्यवाटसरू

फनेल हिल म्हणजे आपला कर्नाळा! जुन्या गॅझेटियरमध्येही कर्नाळ्याचं हेच दुसरं नाव दिलंय. त्याचा तो अंगठ्यासारखा सुळका लांबून उलट्या नरसाळ्यासारखा दिसत असणार. तसाच श्रीमलंगगड. त्याला दर्यावर्दी 'कॅथेड्रल रॉक' म्हणत. तुर्भ्याच्या डोंगराला 'नीट्स टंग', म्हणजे बैलाची जीभ. तुमच्या पट्टीत हेही असतील, बघा.

मी कर्नाळ्यावर वीसेक वेळा गेलो असेन. वरून बंदर दिसतं एवढंच डोक्यात होतं. बंदरातून तो दिसतो, आणि त्याच्याकडे बघून जहाजं आत येत होती, हे आज पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

रानफुल

माफ करा, थोडं वेगळं बोलते. हे सगळं कौतुकाने वाचताना मला टोचतंय. कर्नाळ्याचं फनेल, मलंगगडाचं कॅथेड्रल, बुचर आयलंड, हॉग आयलंड. हजार वर्षं जिथे माणसं राहतात, मासेमारी करतात, तिथे कुणीतरी येऊन कोऱ्या पाटीवर लिहावं तशी नावं लिहिली. हा नकाशा त्यांच्या जहाजांसाठी, त्यांच्या मालासाठी काढलेला. आपण त्यात आपला वारसा बघायचा का?

निळाई

रानफुल, तुझा प्रश्न मला पटतो, आणि म्हणूनच मी कालपासून नकाशावरची नावं एका वहीत उतरवत बसले आहे. लिहिताना त्यांचे दोन ढीग पडले. एक बघून ठेवलेली नावं: फनेल, क्रॉस, हॉग. जहाजाच्या कठड्याशी उभं राहून, कुणाशी न बोलता ठेवलेली. दुसरी विचारून घेतलेली: केनेरी, हेनेरी, करंजा. केनेरी म्हणजे खांदेरी आणि हेनेरी म्हणजे उंदेरी. ही दोन नावं गोऱ्या माणसाच्या कानातून गेलीत, पण ती सांगणारा कुणीतरी होता. होडीत सोबत बसलेला, बोट दाखवून सांगणारा. त्याचं नाव नकाशावर नाही. मला त्याच्यापर्यंत पोचायचं आहे. निदान त्याच्या गावापर्यंत तरी.

नकाशावर आपल्या माणसांची खूण एकाच ठिकाणी सापडली. करंज्याच्या बाजूला उथळ पाण्यात बारीक ठिपक्यांची रांग आहे आणि शेजारी लिहिलंय 'फिशिंग स्टेक्स'.

मोरा_बंदर

ताई, त्या ठिपक्यांवरून लिहायला बसलो. आम्ही उरणचे कोळी. ती रांग म्हणजे कव. समुद्रात लाकडी खुंट ठोकायचे आणि त्यांना डोल बांधायची. डोल म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात आपोआप शिरते. कव कुणाची, हे ठरलेलं असायचं, बापाकडून मुलाकडे जायची. इंग्रजी नकाशावर ती कशासाठी? जहाजाने तिला अडकू नये म्हणून. धोका म्हणून नोंद केलीय. पण नोंद आहे, हे वाचून बरं वाटलं. आज तिकडे गाळ काढून मोठ्या बोटींचा मार्ग झालाय. न्हावा-शेवा बंदर 1989 ला सुरू झालं, त्या बाजूची खाजणं गेली.

आता एक विचारतो. नकाशावर भरतीच्या वेळेचं काही लिहिलंय का? आमच्याकडे पंचांगच पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता.

निळाई

आहे! नावाच्या चौकटीखाली लिहिलंय: पौर्णिमा आणि अमावस्येला पूर्ण भरती, अकरा तास आणि वर काही मिनिटं. मिनिटांवर घडी पडल्याने आकडा पुसलाय.

कप्तान_निवृत्त

मोरा_बंदर, तुमचं गणित आणि हा आकडा एकच आहे. पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. नकाशावर अकरा आणि काही मिनिटं.

आता तुम्ही म्हणाल, पौर्णिमेला भरती तर बाराच्या सुमारास येते. बरोबर आहे. कारण आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं. नकाशा आणि तुमचं पंचांगाचं गणित, दोन्ही सूर्याच्या स्थानिक वेळेचं. मुंबईचा सूर्य प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे चालतो. सव्वाअकरात 39 मिनिटं मिळवा, बाराला सहा मिनिटं कमी. अ‍ॅडमिरल्टीने महिनोन्महिने खांबावर पाण्याची उंची वाचून जे काढलं, ते तुमच्या आज्याला तोंडपाठ होतं.

खोलीचे आकडेही या भरती-ओहोटीशीच जोडलेले असतात, हे नव्या वाचकांसाठी सांगतो. नकाशावरची खोली म्हणजे मोठ्या ओहोटीला उरणारं पाणी. त्यात त्या वेळची भरती मिळवायची. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढतं, म्हणून हा हिशेब इथे फार महत्त्वाचा. आणि चिखलावर ज्या आकड्यांखाली रेघ दिसेल, ती खोली नव्हे. ती जागा ओहोटीला किती फूट उघडी पडते ते त्यात सांगितलंय. शिवडीचा किनारा बघा, रेघेचे आकडेच आकडे असतील. आज तिथून अटल सेतू जातो.

नवखा_खलाशी

पण इतके आकडे मोजले कसे? तेव्हा तर यंत्र नव्हतं.

कप्तान_निवृत्त

शिशाच्या वजनाने. दोरीला शिसं बांधायचं, बोट चालत असताना पुढे फेकायचं आणि दोरी उभी झाली की वाचायचं. दोरीवर खुणा असत: दोन वावेवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं कापड, सातवर लाल, दहावर भोक पाडलेलं चामडं. प्रत्येक खुणेचा स्पर्श वेगळा, कारण अंधारात ती बोटांनी, नाहीतर ओठांनी ओळखायची. शिशाच्या बुडाला खळगा, त्यात चरबी भरलेली. तळाची माती तिला चिकटून वर यायची. नकाशावर आकड्याशेजारी बारीक 'एम' दिसतो तो चिखल, 'एस' म्हणजे वाळू. प्रत्येक अक्षरामागे कुणीतरी चरबीवरचा चिखल बोटाने चोळून बघितलेला आहे. बोट कुठे आहे हे त्याच क्षणी किनाऱ्यावरच्या दोन-तीन खुणांमधले कोन मोजून ठरवायचे.

निळाईताई, तुमच्या आजोबांनी लाँचवर हेच केलं असणार.

निळाई

हो. त्यांच्या उजव्या तळहाताला दोरीचा घट्टा होता. आम्हाला वाटायचं तो शेतीचा.

अलिबागकर

होकायंत्राच्या चक्रावर नजर टाका. आत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक लिहिलेला असतो. मुंबईजवळ गेल्या दीडशे वर्षांत तो फार कमी राहिलाय, अंशाच्या आसपास. हा फरक कुलाब्याच्या वेधशाळेत मोजत. पुढे विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजणी बिघडेल म्हणून ती 1904 मध्ये आमच्या अलिबागला हलवली. ती वेधशाळा अजून चालू आहे, समुद्राला लागूनच.

मोरा_बंदर

एक जागा बघून सांगाल? रेवसच्या समोर, काशाचा खडक. 17 जुलै 1947 ला रामदास बोट त्याच भागात बुडाली. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, आषाढातली अमावस्या, गटारीसाठी घरी जाणारी माणसं. सहाशेहून जास्त गेली. माझ्या आजीचा सख्खा भाऊ त्यात होता. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून जेवढी माणसं काढता आली तेवढी काढली. आजी त्या बाजूचा मासा पुढे कधी खाल्ली नाही.

निळाई

बघितलं. त्या बाजूला गल आयलंड लिहिलंय आणि खडकाची फुल्या-फुल्यांची खूण आहे. भोवती तीन, चार वाव असे आकडे आहेत. काशाचा खडक हे नाव नाही. मी ट्रेसिंग कागद वर ठेवून त्या जागी पेन्सिलीने लिहिलं आहे.

कागदवेडी

ट्रेसिंगवर लिहिताय हे उत्तम. मूळ कागदावर एक अक्षरही नको.

निळाई

चार दिवसांनी लिहिते आहे. कागदवेडीने सांगितलं तसा नकाशा सकाळी गॅलरीच्या काचेमागे धरला. मागून ऊन आलं आणि कागदावर टाचणीएवढी भोकं चमकायला लागली. शंभरएक तरी असतील. सगळ्यात दाट प्रॉन्ग्जच्या दक्षिणेला आणि संक रॉकभोवती. उजव्या-डाव्या समासांत अक्षांशाची पट्टी आहे, तिथेही रांगेने. शिवाय एक पेन्सिलीची रेघ, जी सपाट बघताना दिसतच नव्हती. प्रॉन्ग्जच्या दीपगृहातून निघून सरळ पूर्वेला उजव्या समासापर्यंत, जवळजवळ आडवी. पुढे काहीच लिहिलेलं नाही.

कप्तान_निवृत्त

भोकं कर्कटकाची आहेत. दोन टोकं जागेवर ठेवायची, तेवढंच अंतर समासातल्या अक्षांशाच्या पट्टीवर मोजायचं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1852 मीटर. बंदरात शिरताना जिथे जीव टांगणीला लागतो तिथेच भोकं दाट. हा नकाशा भिंतीवरचा नाही, जहाजाच्या ब्रिजवरचा, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथला आहे. रेघेचं मात्र मला कळत नाही. आडवी रेघ समासात सोडून देण्यात काय हेतू असेल?

सह्यवाटसरू

समासाबाहेर बघा! प्रॉन्ग्ज आणि कर्नाळा यांचा अक्षांश जवळजवळ एकच आहे, 18 अंश 53 मिनिटांच्या आत-बाहेर. रेघ पुढे वाढवली तर ती थेट सुळक्यावर जाते. नकाशाचा कागद संपला म्हणून रेघ संपली, डोंगर तिच्या टोकाला आहेच.

मोरा_बंदर

निळाईताई, झेरॉक्स घेऊन या इकडे. आमच्या आळीत ऐंशीच्या पुढचे एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आहेत. त्यांना दाखवू.

निळाई

काल जाऊन आले. भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराची लाँच पकडली. सकाळची मतलई (जमिनीवरून येणारा वारा) पडली होती आणि पाणी तेलासारखं होतं. पूर्वेला द्रोणागिरीच्या मागे धुरकट हवेत कर्नाळ्याचा अंगठा दोन-तीन मिनिटं दिसला, मग गेला.

तांडेलबाबांनी झेरॉक्स जमिनीवर पसरायला सांगितली आणि ती फिरवली. उत्तर वर नाही, पूर्व वर. म्हणाले, आम्ही दर्यावरून घराकडे बघतो, तेव्हा घर वरच पाहिजे. डोंगरांच्या पट्टीवर बोट फिरवत गेले आणि सुळक्यावर थांबले. "यो तं आमचा कर्नाला!"

मग मी रेघ दाखवली. त्यांनी विचारसुद्धा केला नाही. बाहेरून, मावळतीकडून येताना कुलाब्याची दांडी, म्हणजे प्रॉन्ग्जचं दीपगृह, आणि कर्नाळा एकावर एक आले की समजायचं, आपण खडकाच्या रेषेवर आहोत. कर्नाळा दांडीच्या उजव्या हाताला चांगला मोकळा दिसला पाहिजे. डाव्या हाताला गेला तर सुकाणू फिरवायचं. त्यांना हे वडिलांनी शिकवलं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. म्हणजे कुणा परदेशी जहाजावरच्या माणसाने 1880 च्या आसपास पेन्सिलीने जी रेघ ओढली, तीच रेघ या घरात कागदाशिवाय चालत आली आहे. कुणी कुणाकडून घेतली ते मला ठरवता येणार नाही. पण बंदरात शिरणारं जहाज वाटाड्या घेतंच, आणि वाटाड्या बोट दाखवतो.

ट्रेसिंगवर आता एकोणीस नावं झाली आहेत. कव कुणाकुणाच्या होत्या त्यातल्या सहा त्यांनी सांगितल्या. बाकीची माणसं आठवायला त्यांना वेळ हवाय.

बाबांनी येत्या अमावस्येला बोलावलंय. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला तळाची ओहोटी असते, तेव्हा उघडी पडणारी खडपं ते होडीतून दाखवणार आहेत. होडीत पाच जणांची जागा आहे. मोरा_बंदर आणि मी धरून दोन झाले. कप्तानसाहेब, सह्यवाटसरू, रानफुल, येताय ना? दुपारच्या लाँचने निघू. ट्रेसिंग कागद आणि मऊ पेन्सिली मी आणते.

रानफुल

मी येते. कवांची नावं मी लिहून घेईन.